गुणी बाळ

या, असे पुढे सरका. दाराशी टेकून बसलेल्यांनीही जरा आत यावं. ही गोष्ट ओरडून सांगण्याजोगी नाही. आज झांजा नाहीत, बुक्का नाही, मध्येच थांबून भजन धरायचं नाही. रत्नागिरीतल्या एका ड्रॉइंग मास्तराच्या घराची ही गोष्ट, फार तर तीन-चार दिवसांची, आणि ती एकाच भिंतीच्या दोन बाजूंना घडली. बाहेरच्या अंगाला पाखराचं घरटं होतं, आतल्या अंगाला बाळंतिणीची खाट. कान द्याल तर सगळी सांगतो. काही मागं ठेवणार नाही.

साल एकोणीसशे तेहतीस, वैशाखातली सकाळ. शाळेला सुट्टी होती. काशीराम मास्तर पडवीत स्टुलावर उभा राहून पाखरांची पेटी उघडत होता. पेटी त्यानं स्वतःच ठोकलेली, रॉकेलच्या डब्यांचं देवदारी खोकं मोडून; पुढं मुलाची मूठ जाईल एवढं भोक, वर जुन्या वहाणेच्या कातड्याची बिजागरी लावलेलं झाकण. आत दयाळ पक्ष्याची पाच पिल्लं होती, बारा दिवसांची. आजचं तोलणं शेवटचं. बारा दिवसांनंतर पेटीला हात लावायचा नाही, नाहीतर पिल्लं भिऊन वेळेआधीच बाहेर उड्या टाकतात, हे तो तीन वर्षांत एक घरटं गमावून शिकला होता. वाशाच्या खिळ्याला गंगाराम सोनाराकडून मागून आणलेला काटा टांगला होता. एका पारड्यात तोळे-मासे-गुंजा, दुसऱ्यात कागदाच्या पुडीत पिल्लू. पहिली चार अडीच तोळ्यांच्या आगेमागे भरली. पाचवं त्यानं पुडीत घातलं, काटा स्थिर होऊ दिला, आणि वहीतला कालचा आकडा पाहिला. मग गुंजा काढून पुन्हा घातल्या. मग पिल्लू हातात घेऊन, पारडं फुंकून साफ करून पुन्हा ठेवलं. तिन्ही वेळा तेच. त्यानं पिल्लू मुठीत घेतलं. काल सव्वा तोळा भरलं होतं, आज अर्धा मासा उतरलं होतं. बारा दिवसांत एकदाही न उतरलेला आकडा. आणि नेमक्या त्याच वेळी खिडकीच्या गजांतून त्याच्या आईचा, येसूबाईचा, लाडानं ओथंबलेला आवाज बाहेर आला, "गुणी गो माझी बाय ती! रात्रभर हूं नाय की चूं नाय." काशीरामच्या बोटांतून एक गुंज निसटली, जमिनीवर टिप टिप करत गेली, आणि दाराच्या उंबऱ्याशी जाऊन थांबली. तो स्टुलावर तसाच उभा राहिला. हातात एक होतं, कानात दुसरं, आणि दोन्हींच्या मध्ये वीतभर जाडीची चिऱ्याची भिंत.

आत नऊ दिवसांची मुलगी होती. त्याची. ती त्यानं अजून हातात घेतलेली नव्हती. सोयर होतं, दहा दिवस खोलीच्या उंबऱ्याच्या आत बापानं पाऊल टाकायचं नाही, हा त्या घरचा दंडक. येसूबाई जन्मभर मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी विकलेली बाई. मुलगा शिकला, मास्तर झाला, वरच्या आळीत भाड्याचं घर घेतलं, तरी ती दंडक खाली ठेवून आली नव्हती. डोक्यावरच्या पाटीतून वर घेऊन आली होती. पिल्लाला तो रोज हातात घेत होता. पिल्लाचा पंख कुठल्या दिवशी फुटला, डोळा कुठल्या दिवशी उघडला, सगळं त्याच्या वहीत होतं. मुलीचे डोळे कसे आहेत ते त्याला बायकोनं, गोदूनं, खिडकीतून सांगितलं होतं. मुंबईच्या एका पक्षिप्रेमी गृहस्थाला त्यानं दोन वर्षांपूर्वी पत्र लिहिलं होतं. त्याचं एक कार्ड आलं होतं, की पिल्लं घरट्यातून नेमकी कशी बाहेर पडतात, आई-बाप त्यांना बोलावतात की ती आपणहून निघतात, हे डोळ्यांनी पाहून कळवावं. ते कार्ड त्यानं देवांच्या तसबिरींशेजारी खोचून ठेवलं होतं. दोन वर्षं ती घटका हुकली. एकदा तो शाळेत होता. एकदा, त्या वर्षी, तो कुठं होता ते त्याला आठवायचं नव्हतं, आणि आता स्टुलावर उभा असताना तेच आठवू लागलं.

दयाळाची मादी येते कशी, ते त्यानं शेकडो वेळा पाहिलं होतं. चोचीत टोळ घेऊन ती भोकाच्या काठावर उतरते. तिच्या पायांनी पेटी किंचित हादरते. ते हादरणं पोटाला लागलं की आतली पिल्लं माना ताणून तोंडं उघडतात, कडेला पिवळी, आत केशरी, जशा काही पाच पणत्या. ज्याची मान सगळ्यांत उंच, ज्याचं तोंड सगळ्यांत मोठं, त्याच्या घशात टोळ जातो. पहिल्या वर्षी काशीरामला त्या आईचा राग आला होता. हळूहळू त्याला कळलं, की ती निष्ठुर नाही, तिला भूक दिसतच नाही. तिला तोंड दिसतं. मिटलेलं तोंड तिच्या लेखी भरलेलं पोट. एक खेप चुकली की पिल्लाची मान थोडी कमी ताणते, मान कमी ताणली की पुढची खेप चुकते, आणि मग एक दिवस असा येतो की पिल्लू अगदी शांत होतं. घरट्यातलं सगळ्यांत शहाणं पिल्लू. भांडत नाही, मागत नाही, पंखाखाली डोकं घालून पडून राहतं. काशीरामनं त्याच्या वहीत अशा दिवशी समासात एक टिंब काढायचं ठरवलं होतं. टिंबानंतर तीन दिवसांवर कुणी टिकलेलं नव्हतं. फक्त गेल्या वर्षी एक टिकलं, कारण त्यानं आपल्या रंगाच्या ब्रशानं, खारीच्या केसांच्या बारीक ब्रशानं, अंड्याचा बलक त्याच्या चोचीच्या कोपऱ्याला लावला होता, दर अर्ध्या घटकेला, तीन दिवस. राममंदिरात गेल्या शुक्रवारी कीर्तन होतं. बुवा रंगात आले होते. हत्तीनं तळ्यात सोंड वर करून हाक मारली, देव धावला. भर सभेत बाईनं हाक मारली, देव धावला. अरे, तुम्ही हाक तर मारा! सगळं देऊळ डोळे पुसत होतं. काशीरामही पुसत होता, कारण कीर्तनात त्याला नेहमीच रडू येई. पण घरी येताना उतारावर त्याच्या मनात पाल चुकचुकली होती: ज्याच्या अंगात हाक मारण्याइतकीही ताकद उरली नाही, त्याचं काय? देवाचीही पेटी हादरावी लागते की काय? त्यानं तेव्हा स्वतःच्या तोंडात मारून घेतल्यासारखं करून तो विचार टाकून दिला होता. आता तो विचार परत आला होता आणि त्याला पाचव्या पिल्लाची बारीक मान होती.

पाचवं पिल्लू मुठीत तसंच धरून तो स्टुलावरून उतरला आणि बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी आला. आतून धुरीचा, ओव्याचा, ओल्या फडक्यांचा वास. येसूबाई दारातच आडवी बसली होती, पाय पसरून, पुढ्यात सूप घेऊन सुकटातली कचपट काढत. सुईण हौसा तिच्याशेजारी पान लावत होती.

"आये," तो म्हणाला, "मुलगी रडत का नाही?"

"आता घ्या!" येसूबाई हौसाकडे वळली. "पोर रडलं तर लोक बोंब मारतात, याचं रडत नाय म्हणून सुरू. बापापरीस शहाणी निपजली, आणखी काय?"

"दूध किती पिते?"

"तुला काय करायचंय रे बाप्यामाणसाला?"

"तोलू या तिला. एकदा आज, एकदा उद्या. गंगारामाकडं मोठा तराजू आहे—"

सूप खाली आलं. हौसाच्या हातातलं पान तसंच राहिलं. "तोलू?" येसूबाई म्हणाली. "लेकराला? ती काय सुकी सुरमय हाय काय, पारड्यात टाकायला? तोललेलं पोर घरात राहात नाय, माहीत नाय तुला? मास्तर झालास नि अक्कल त्या पाखरांना वाटून आलास."

"बारीक अंगलोटीची हाय, मास्तर," हौसा समजावणीच्या सुरात म्हणाली. "सटवीनं पाचवीला लिवलं ते लिवलं. आता उद्याचा दिवस गेला, की परवा सोयर फिटतं, तेरवा बारसं. मग घ्या की मांडीवर, कोण नको म्हणतंय?"

"नि हातात काय लपवलंस?" येसूबाईनं विचारलं. तो मागं फिरला.

परवा, तेरवा. दोन शब्द त्याच्या डोक्यात घणासारखे पडू लागले. टिंबानंतर तीन दिवस. तो घराला वळसा घालून मागच्या फणसापाशी गेला आणि खोडाला पाठ लावून उभा राहिला. मुठीत काहीतरी धडधडत होतं, आपलं की पिल्लाचं ते कळत नव्हतं. आपण वेडे असू, हे त्याला शंभरदा वाटून गेलं. पाखराचं शास्त्र माणसाला लावणारा मास्तर. लोक हसतच होते. बाजारात कुणी भेटलं की विचारी, काय मास्तर, दयाळ तोळ्यावर विकता की नगावर? तो स्वतःही हसायचा. पण दोन वर्षांपूर्वी, याच घरात, याच खोलीत, एक मुलगी झाली होती. तीही गुणी होती. शेजारच्या बाया मुद्दाम बघायला यायच्या, असं शांत बाळ बघितलं नाही म्हणून. त्यालाही अभिमान वाटला होता. शाळेत त्यानं हेडमास्तरांना सांगितलंसुद्धा, की आमची कन्या अगदी योगी आहे. अकराव्या दिवशी सकाळी तो स्टुलावर होता. पिल्लं बाहेर पडायच्या बेतात होती, भोकात एक डोकं दिसत होतं, आणि आतून येसूबाईनं हाक मारली, काशा. त्यानं म्हटलं, आलो, आलो, एवढं एक बघू दे. दुसऱ्यांदा हाक आली नाही. तो आत गेला तेव्हा गोदू भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि येसूबाई फडक्याची गाठ मारत होती. पांढऱ्या समुद्राच्या अंगाला, केवड्याच्या बनामागं, त्यानं वाळू उकरली. बारसं दुसऱ्या दिवशी होतं, म्हणून तिला नाव नव्हतं. परत आला तेव्हा पेटी रिकामी झाली होती. वहीच्या त्या पानावर आदल्या दिवशीचे चार आकडे होते, ठसठशीत, एकाच शाईत. चौथं पिल्लू दोन तोळे सात मासे. मुलीचा त्या वहीत कुठं उल्लेख नव्हता. पाखरांच्या वहीत तो का असावा? पण वही उघडली की ते पान आपोआप समोर येई, आणि समासात, त्यानं न काढलेलं, एक टिंब दिसे.

"अहो," मागच्या खिडकीतून हलकीच हाक आली. गोदू गजांना धरून उभी होती. नऊ दिवसांच्या बाळंतिणीनं उभं राहू नये, पण ती उभी होती. केस रुमालात बांधलेले, कपाळावर घाम. "तुम्ही काय म्हणत होतात ते ऐकलं मी."

तो जवळ गेला. इतक्या जवळून त्यानं तिला कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. चोळी पुढून ओली होऊन वाळली होती, पुन्हा ओली झाली होती.

"दूध आहे," ती म्हणाली. "दगड झालेत छातीचे. पण ती ओढत नाही. दोन घोट घेते, की थकून झोपते. उठवलं तर उठत नाही. काल मी बोलले, तर सासूबाई म्हणाल्या, पहिलटकरणीसारखं काय करतेस. मागल्या वेळीही असंच होतं. मी तेव्हाही बोलले नव्हते. मला वाटलं, पहिलंच आहे, आपल्याला काय कळतं?"

"कमी झालीय का ती? उचलताना?"

"मला नाही हो कळत. माझे हातच राहिले नाहीत अंगात. कधी वाटतं कापूस आहे, कधी वाटतं दगड. अहो, तुम्ही त्या पिल्लाला कसं जगवलंत गेल्या साली?"

जगवलं ते पिल्लू होतं. त्याला कुणाची परवानगी लागली नव्हती, त्याला सोयर नव्हतं, आणि ते मेलं असतं तर कुणी म्हटलं नसतं, की बापानं खोलीत पाय टाकला म्हणून गेलं. तो आत घुसला, आणि मुलगी गेलीच, तर? गोदू जन्मभर कुणाकडं बघेल? आणि घुसला नाही, आणि गेली, तर? उन्हाचा एक पट्टा फणसाच्या पानांतून त्याच्या पायावर आला होता; तो हळूहळू सरकताना त्याला दिसत होता. एकच गोष्ट कळायला हवी होती: काल ती केवढी होती, आज केवढी आहे. कालचा आकडा कुठंच नव्हता. उद्याची वाट पाहण्याएवढा वेळ नव्हता. काल, परवा, रोज तिला उचलून घेणारं कोण? न्हाऊ घालतं कोण? हौसा पाणी ओतते, पण पसरलेल्या पायांवर मुलीला धरते ती येसूबाई. येसूबाईचे हात. लहानपणी तो त्या हातांजवळ बंदरावर बसलेला होता. लिलावातली पाटी डोक्यावर घेण्याआधी ती दोन्ही हातांनी नुसती उचलून बघे आणि म्हणे, दोन बांगडे कमी हायत, घाल. होडीचा तांडेल शिव्या देत मोजायला बसे आणि दोन बांगडे कमी निघत. साऱ्या मिरकरवाड्यात म्हण होती, की देवाचा काटा चुकेल, येसूचा हात नाही चुकायचा. तराजू घरातच होता. नऊ दिवस तो रोज तोलत होता.

तो दाराशी परत आला तेव्हा हौसा पान थुंकायला परसात गेली होती. तो आईसमोर उकिडवा बसला, मूठ पुढं केली आणि पिल्लू तिच्या तळहातावर ठेवलं.

"मेल्या, सोयरात—" असं म्हणत म्हणतच तिची बोटं आपोआप मिटली. हात एकदा वर झाला, एकदा खाली. सवयीनं.

"काय म्हणतो हात?" त्यानं विचारलं.

"जायचं हे."

"कशावरून? पिसं आलीत. डोळे उघडे आहेत."

"हलकं नाय रे. हलकं निराळं. हे रितं लागतंय." ती पिल्लाकडं बघत होती. "पाण्यातून काढलेली मासळी नि शिळी मासळी एका वजनाची असली, तरी हाताला कळतं ना, तसं."

"आणि तिचं काय कळतं?"

येसूबाईनं मान वर केली नाही.

"आये, मी तराजू आणत नाही. तुला भैरी देवाची आण घालत नाही. तू नुसतं सांग. मंगळवारी उचललीस आणि आज उचललीस. भरली, की उतरली?"

पिल्लावर तिनं दुसरा हात झाकण घातल्यासारखा ठेवला होता. नंतर तिचे ओठ हलले, पण आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी असावा तसा आला, बारीक.

"उतरली. मंगळवारपासूनच उतरतेय."

"आणि मागली?"

"ती पण."

"तुला कळत होतं?"

"मला कळणार नाय, तर कुणाला कळणार?" ती एकदम चिडून म्हणाली आणि त्याच चिडण्यात तिला रडू फुटलं. "तुझ्या आधी माझी चार गेली रे, काशा. चौघांना याच हातांनी न्हाऊ घातलं. पहिल्याच्या वेळी मी सासूला बोलले, उतरतंय म्हणून. सासू म्हणाली, तू बोललीस म्हणून गेलं. मग पुढं मी कधी नाय बोलले. गुणी म्हटलं. गुणी म्हटलं, की वाटतं, देव ऐकंल, त्याला लाज वाटंल नेताना." तिनं पदरानं नाक पुसलं. "बोललं की खरं होतं. न बोलता तरी काय झालं? तरी गेलीच ना?"

काशीरामला वाटलं होतं, की आईचं हे बोलणं ऐकून आपल्याला राग येईल. राग आला नाही. त्याला भोकाच्या काठावर बसलेली दयाळाची मादी दिसली, आणि पहिल्यांदाच असं वाटलं, की कदाचित तिलाही सगळं दिसत असेल. पाचव्याचं मिटलेलं तोंड ती बघत असेल आणि दुसरीकडं टोळ देत असेल, कारण तिकडं बघत राहिलं तर उडता येणार नाही. तो उठला. दाराच्या उंबऱ्याशी मघाची गुंज पडली होती, लाल, काळ्या डोळ्याची. ती ओलांडायची तेवढी राहिली. येसूबाईनं पसरलेले पाय ओढून घेतले.

"जा आत," ती म्हणाली. "सोयर माझ्या माथ्यावर."

मुलगी त्याच्या कल्पनेपेक्षा लहान होती. ओठ कोरडे, नखं निळसर, कपाळावर म्हाताऱ्या माणसाची आठी. त्यानं ब्रश उकळत्या पाण्यातून काढला; रंग कालवायची चिनी मातीची वाटी गोदूनं हातात घेतली, भिंतीकडं तोंड केलं, आणि वाटीत दुधाच्या धारेचा आवाज झाला. ब्रशाचं टोक दुधात बुडवून त्यानं ओठाच्या कोपऱ्याला लावलं. काही झालं नाही. दूध गालावरून ओघळून कानात गेलं. पुन्हा लावलं. पुन्हा ओघळलं. नऊ-दहा वेळा तेच. आयुष्यभर ज्या हातानं सरळ रेघा मारल्या, त्या हातानं आता एक थेंब जागेवर ठेवता येईना. पिल्लाला पेटी हादरलेली कळायची. इथं काय हादरवायचं? ईश्वरा, हिला हाक मारता येत नाही. ही हाक मारणार नाही. हिच्या वतीनं आणखी कुणी मारली, तर चालते का तुला? तो मनात ओरडत होता. तेवढ्यात त्याच्या खांद्यावरून येसूबाईचा हात पुढं आला, मासळीच्या खवल्यांनी जन्मभर चरे पडलेला, आणि तिनं मुलीच्या तळपायावर जोरात टिचकी मारली. मुलीचं सबंध अंग हादरलं. तोंड उघडलं. आतून केशरी. काशीरामनं थेंब सोडला आणि घसा हललेला पाहिला.

पिल्लाचं काय झालं ते त्याला आठवलं नाही. ते येसूबाईनं स्टुलावर चढून पेटीत परत ठेवलं होतं. ब्रश एकच होता, हात दोन, आणि दिवस मोजके. दर अर्ध्या घटकेला टिचकी, थेंब, टिचकी, थेंब. पहिल्या दिवशी चमचाभर गेलं असेल. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं ब्रशाचं टोक हिरड्यांत धरलं आणि सोडेना. हौसा रागावून निघून गेली होती; संध्याकाळी परत आली आणि तिनं चुलीवर पाणी ठेवलं. येसूबाई दर सकाळी मुलीला उचलून बघे आणि काशीराम तिच्या तोंडाकडं बघे. दहाव्या दिवशी ती म्हणाली, "उतरली नाय." अकराव्या दिवशी सकाळी तिनं उचललं, थांबली, पुन्हा वर-खाली केलं, आणि म्हणाली, "भरली."

त्याच सकाळी बाहेर गलका झाला. नर फणसाच्या शेंड्यावरून चिर्र चिर्र करून घसा फोडत होता, मादी पेटीसमोर फडफडत होती, आणि पेटीच्या फळीवर नखांचे आवाज येत होते. काशीरामला त्यातला प्रत्येक आवाज ओळखता येत होता. तीन वर्षं ज्या घटकेची वाट पाहिली, ती भिंतीपलीकडं, चार हातांवर होती. खिडकीशी जाऊन डोकावायचं, बस्स. मुलीच्या ओठांत ब्रश होता. गोदू म्हणाली, "जा ना, बघून या. मी धरते." तो हलला नाही. पंखांचा एक आवाज झाला. मग दुसरा. मोजायचे नाहीत असं ठरवूनही त्यानं मोजले. चार झाले. पाचव्यासाठी तो कान देऊन थांबला, कितीतरी वेळ, नराचा आवाज दूर जाऊन खालच्या माडांत विरला तोपर्यंत.

बारशाला बाया जमल्या. येसूबाईनं नातीच्या कानात कुर्रर्र केलं, नाव सांगितलं, आणि कुणीतरी पाठीवर थोपटताच मुलगी रडली. असं रडली, की पाळणा म्हणणाऱ्या बायांना गप्प बसावं लागलं. "अगोबाई, कालपरवापर्यंत केवढी गुणी होती!" एक जण हसत म्हणाली. "आता बिघडली." सगळ्या हसल्या. येसूबाई हसली नाही. ती उठून पडवीत आली, तिथं काशीराम पेटीचं झाकण उघडून उभा होता. तळाशी, काथ्याच्या गादीत, पाचवं पिल्लू होतं. पंखाखाली डोकं घातलेलं, नीटनेटकं. त्यानं ते काट्यावर ठेवलं नाही. वहीही उघडली नाही. त्या वर्षाचं शेवटचं पान कोरंच राहिलं, आणि मुंबईच्या कार्डाला उत्तर गेलं नाही. येसूबाईनं पिल्लू आपल्या हातात घेतलं. दोघं मायलेकरं उतार उतरून पांढऱ्या समुद्राकडं गेली, आणि केवड्याच्या बनामागं जागा शोधू लागली. दोन वर्षांत वाळूनं सगळं सारखं करून टाकलं होतं. इथं असेल, काशीराम म्हणाला. नाय, इथं, येसूबाई म्हणाली. जागा काही सापडली नाही. शेवटी जिथं उभी होती, तिथंच त्यांनी हातांनी वाळू उकरली. मागून वारा येत होता. खाली वाकलेली येसूबाई वाळूला विचारावं तसं म्हणाली, "काय नाव ठेवणार होतास रे तिचं?" बारशाच्या सकाळी ठरवू, म्हणून काशीराम आणि गोदूनं ते ठरवलंच नव्हतं.

धाकटी मोठी झाली, सासरी गेली, तिचं सगळं बरं आहे. तिची काळजी नको. तुमच्याजवळ मागणं आहे ते थोरलीसाठी. तिला नाव नाही, म्हणून नावानं आठवता यायची नाही. पण तुमच्या घरात, आळीत, कुणाच्या बारशा-पाचवीला गेलात, आणि कुणी कौतुकानं म्हणालं, बाळ किती गुणी आहे हो, मुळीच रडत नाही, तर तेव्हा तिला आठवा. आणि सोयर असो नसो, उठा, आत जा, आणि ते लेकरू एकदा हातात घेऊन बघा.